पगारी रजेचा प्रीमियम शेड्यूल सी वर टाकू का? सहसा नको

प्रश्न थोडक्यात असा आहे. सिअ‍ॅटलजवळ बेलव्ह्यूला राहणाऱ्या एक ताई एच-४ ईएडीवर (एच-१बी वर आलेल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या कामाच्या परवान्यावर) स्वतंत्रपणे यूएक्स डिझाइनचं काम करतात. यजमान नोकरीत आहेत आणि रिटर्न दोघांचं एकत्र भरलं जातं. वॉशिंग्टन राज्याच्या पेड फॅमिली अँड मेडिकल लीव्ह योजनेत ताईंनी २०२५ मध्ये आपणहून नाव घातलं आणि दर तिमाहीला त्या प्रीमियम भरताहेत. आता रिटर्न भरताना हा पैसा कुठे दाखवायचा? एका मैत्रिणीचं म्हणणं, सेल्फ-एम्प्लॉइड हेल्थ इन्शुरन्सच्या वजावटीत बसतो. दुसऱ्या कुणी सांगितलं, शेड्यूल सी च्या (धंद्याचं उत्पन्न आणि खर्च दाखवायच्या फॉर्मच्या) टॅक्सेस अँड लायसन्सेस या ओळीत बिनधास्त टाक, सरकारलाच तर भरतेस. तिसरा प्रश्न यजमानांचा: त्यांच्याही पगारातून याच नावाने पैसे कापले जातात, त्यांचं काय?

माझं उत्तर आधी देतो, कारणं नंतर. आपणहून नाव घातलं असेल, म्हणजे कायद्याने सक्ती नसताना, तर तो प्रीमियम शेड्यूल सी वर टाकू नका. हेल्थ इन्शुरन्सच्या वजावटीत तर मुळीच टाकू नका. यजमानांना कागदावर वजावट आहे, पण वॉशिंग्टनमध्ये राहून ती पदरात पडणं जवळपास अशक्य आहे.

हेल्थ इन्शुरन्सचा विषय दोन वाक्यांत संपतो. ती वजावट फॉर्म ७२०६ वर काढतात आणि तिच्यात वैद्यकीय, दातांचा आणि दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा येतो. आजारपणात बुडालेली कमाई भरून देणारा विमा हा वैद्यकीय खर्च नव्हे, असं आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं केंद्रीय कर खातं, वैद्यकीय खर्चाच्या माहितीपत्रकातही सांगते. रजा योजना डॉक्टरचं बिल भरत नाही, तुमच्या बुडालेल्या कमाईच्या बदल्यात पैसे देते. मैत्रिणीचा सल्ला इथेच बाद.

आता शेड्यूल सी. इथे दोन ओळींची रस्सीखेच आहे आणि दोन्हींच्या सूचना एकमेकींशेजारी ठेवून वाचल्या पाहिजेत. ओळ १५ धंद्याच्या विम्याची. तिच्या सूचनांत सरळ लिहिलंय की आजारपणामुळे किंवा अपंगत्वामुळे बुडालेली कमाई देणाऱ्या पॉलिसीचा प्रीमियम वजा करता येत नाही. कारण उघड आहे. दुकानाला आग लागली तर नुकसान धंद्याचं असतं, तुम्ही आजारी पडलात तर ते तुमचं. कायद्याच्या नजरेत तो खासगी विमा ठरतो.

ओळ २३ करांची आणि परवान्यांची. तिथे आयआरएस म्हणते, राज्याच्या बेकारी विमा निधीत किंवा अपंगत्व निधीत भरलेली वर्गणी वजा करता येते, पण राज्याच्या कायद्यानुसार ती कर मानली जात असेल तरच. लोक पहिला अर्धा भाग वाचतात आणि ‘तरच’ गाळतात. सगळी मेख त्या ‘तरच’मध्ये आहे.

मग कर कशाला म्हणायचं? पैसा सरकारच्या खात्यात गेला एवढं पुरत नाही. पासपोर्टची फीही सरकारलाच जाते. सार्वजनिक कामासाठी, कायद्याच्या अधिकाराने, सक्तीने वसूल केलेला पैसा म्हणजे कर, ही आयआरएसची आणि कोर्टांची जुनी भूमिका आहे. सक्ती हा तिचा कणा. रजा योजनांच्या वर्गण्यांवर वाद झाले तेही याच मुद्द्यावर. ऱ्होड आयलंडच्या तात्पुरत्या अपंगत्व निधीत कामगाराच्या पगारातून कापलेली रक्कम हा राज्याचा आयकर आहे, असं टॅक्स कोर्टाने १९७६ च्या मॅकगोवन खटल्यात मानलं. कॅलिफोर्नियाच्या एसडीआयबाबत (राज्याच्या अपंगत्व विम्याबाबत) हाच निकाल १९७७ च्या ट्रुहियो खटल्यात आला. १९८१ मध्ये आयआरएसने ओळीने काही रूलिंग (कायद्याचा अर्थ सांगणारे अधिकृत खुलासे) काढली, त्यांतली १९३ आणि १९४ क्रमांकाची या प्रश्नासाठी फार महत्त्वाची आहेत. न्यू जर्सीत आणि कॅलिफोर्नियात मालक राज्याच्या निधीऐवजी खासगी योजना ठेवू शकतो. अशा खासगी योजनेत गेलेली कामगाराची वर्गणी मात्र आयआरएसने कर मानली नाही, तो खासगी खर्च ठरवला. काम तेच, रजा तीच, कापलेली रक्कमही तशीच, पण पैसा राज्याच्या निधीत न जाता खासगी योजनेत गेला की वजावट गेली. शेड्यूल ए च्या (वैयक्तिक वजावटी एकेक करून दाखवायच्या फॉर्मच्या) सूचनांतही आज या वर्गण्यांपुढे ‘सक्तीची’ हे विशेषण आवर्जून लावलेलं दिसेल.

यानंतरची मोठी घडामोड म्हणजे जानेवारी २०२५ मधलं रेव्हेन्यू रूलिंग २०२५-४. राज्यांच्या पगारी रजा योजनांवर आयआरएसने पहिल्यांदा सविस्तर काही सांगितलं ते त्यात. मालकाने भरलेला स्वतःचा वाटा हा एक्साइज टॅक्स, म्हणून धंद्याच्या खर्चात वजा. कामगाराच्या पगारातून कापलेला वाटा हा राज्याचा आयकर, म्हणून शेड्यूल ए वर, मर्यादेत राहून. मालकाने उदारपणे कामगाराचाही वाटा स्वतः भरला तर ती रक्कम कामगाराचा जादा पगार. स्वतःच मालक आणि स्वतःच कामगार असलेल्या माणसासाठी या रूलिंगमध्ये वेगळा निवाडा नाही. सगळी मांडणी मालक आणि नोकरदार या दोन पात्रांवर बेतलेली आहे.

ही रिकामी जागा पाहून काही सल्लागार म्हणतात, मग आपण मालकाच्या जागी उभे राहू आणि एक्साइज टॅक्स म्हणून ओळ २३ वर टाकू. मला हे पटत नाही, आणि वॉशिंग्टनच्या बाबतीत तर अजिबात नाही. कारण वॉशिंग्टन आपणहून नाव घालणाऱ्याकडून कामगाराचाच वाटा घेतं, मालकाचा घेत नाही. २०२५ चा एकूण दर ०.९२ टक्के होता आणि त्यातला ७१.५२ टक्के भाग कामगाराचा. ताईंनी भरला तो एवढाच. कामगाराचा वाटा भरून मालकाची वजावट मागायची, हे कसं चालेल?

दुसरा युक्तिवाद जरा दमदार आहे आणि तो ऐकून घेण्यासारखा आहे. एकदा नाव घातलं की वॉशिंग्टनमध्ये सुरुवातीला तीन वर्षं बाहेर पडता येत नाही. कोलोरॅडो, ओरेगन, मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट इथेही तीन वर्षांची बांधिलकी असते. म्हणजे पहिल्या दिवशी स्वेच्छा असली तरी दुसऱ्या दिवसापासून सक्तीच झाली ना? कागदावर हा मुद्दा छान दिसतो. पण मुदतीचा करार कोणताही असो, सही केल्यावर बांधून घेतोच. सक्ती कायद्यामुळे आली की तुमच्या सहीमुळे, हा प्रश्न उरतो, आणि इथे ती सहीमुळे आलेली आहे.

कुणाला तरीही ही भूमिका घ्यायचीच असेल तर ती उघडपणे घ्यावी. रिटर्नसोबत फॉर्म ८२७५ जोडून ‘आम्ही असं मानलं आणि का मानलं’ हे लिहून द्यावं. दावा टिकला नाही तर कमी भरलेल्या करावर २० टक्के दंड लागू शकतो, आणि तो टाळण्याची वाट या फॉर्ममधून जाते. पण पाचशे डॉलरच्या वजावटीसाठी आठ-दहा परिच्छेदांचं स्पष्टीकरण जोडणारा माणूस माझ्याकडे अजून आलेला नाही. आला तर माझी फी वाचलेल्या करापेक्षा जास्त होईल, हे त्याला आधीच सांगेन.

आकडेच मांडू या. ताईंनी २०२५ साठी योजनेला ८०,००० डॉलर कमाई कळवली असं धरा. प्रीमियम होतो सुमारे ५२६ डॉलर. तो शेड्यूल सी वर टाकला तर सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्समध्ये सुमारे ७४ डॉलर वाचतात. यजमानांच्या पगारामुळे दोघं २४ टक्क्यांच्या टप्प्यात असतील तर आयकरात आणखी ९०-९५. अर्ध्या सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्सची वजावट आणि धंद्याच्या उत्पन्नावरची २० टक्के वजावट, दोन्ही थोडी थोडी घटतात, म्हणून पूर्ण २४ टक्के मिळत नाहीत. एकूण बचत १७० डॉलरच्या आतबाहेर.

आता दुसरी बाजू बघा, जी प्रश्नात कुणी विचारलीच नाही आणि जी माझ्या मते खरी महत्त्वाची आहे. योजनेकडून पैसे मिळतील तेव्हा त्यांवर कर लागणार का?

२०२५-४ चं रूलिंग इथे दोन भाग करतं. फॅमिली लीव्ह, म्हणजे बाळाच्या संगोपनासाठी किंवा आजारी आईवडिलांच्या सेवेसाठी घेतलेल्या रजेचा पैसा, करपात्र आहे. वर्गणी कुणीही भरलेली असो. तो पगार मानला जात नाही, पण उत्पन्न आहेच. मेडिकल लीव्ह, म्हणजे स्वतःच्या आजारपणासाठी किंवा बाळंतपणातून सावरण्यासाठी मिळालेला पैसा, वेगळा. त्यातला जेवढा भाग कामगाराने स्वतःच्या, कर भरून उरलेल्या पैशातून केलेल्या वर्गणीचा, तेवढा करमुक्त. मालकाच्या वर्गणीचा भाग करपात्र.

ताईंच्या बाबतीत मालक नाहीच. सगळी वर्गणी त्यांची. म्हणजे मेडिकल लीव्हचा सगळा पैसा करमुक्त धरायला त्यांना भक्कम आधार आहे. समजा उद्या बाळ झालं. पहिले सहा आठवडे मेडिकल लीव्ह, पुढचे दहा आठवडे बाळासाठी फॅमिली लीव्ह, आणि आठवड्याला १,००० डॉलर मिळाले. ६,००० डॉलर करमुक्त, १०,००० करपात्र. ६,००० वर २४ टक्क्यांनी कर म्हणजे १,४४०. आता याच ताईंनी प्रीमियम धंद्याचा खर्च म्हणून वर्षानुवर्षं वजा केलेला असेल आणि मग भरपाईला ‘हा माझ्या कर भरलेल्या पैशातून घेतलेला विमा’ म्हणत असतील, तर तपासणाऱ्याला प्रश्न विचारायला आयती जागा मिळते. १७० डॉलरसाठी १,४४० डॉलरचा दावा कमकुवत करायचा, हा व्यवहार मला तोट्याचा वाटतो. नोकरदाराने शेड्यूल ए वर वजावट घेतली तरी त्याची मेडिकल लीव्ह करमुक्तच राहते, कारण रूलिंगने ते थेट सांगितलंय. स्वयंरोजगाराच्या माणसाने शेड्यूल सी वर वजावट घेतली तर त्याच्या पाठीशी असं कोणतंही वाक्य नाही.

यजमानांकडे वळू. त्यांच्या पगारातून कापलेला वाटा सक्तीचा आहे, राज्याच्या निधीत जातो, म्हणजे राज्याचा आयकर. शेड्यूल ए, ओळ ५ए. इथपर्यंत सगळं ठीक. पण त्या ओळीवर एकच निवड करता येते: राज्याचा आयकर किंवा सेल्स टॅक्स. दोन्ही नाही. वॉशिंग्टनमध्ये पगारावर आयकर नाही, म्हणून तिथले लोक सेल्स टॅक्सची निवड करतात. आयआरएसच्या तक्त्यातूनच एखाद्या नोकरदार कुटुंबाचा सेल्स टॅक्स रजेच्या वर्गणीच्या कितीतरी पट निघतो, आणि त्या वर्षी गाडी घेतली असेल तर विचारायलाच नको. मग वर्गणी ‘आयकर’ म्हणून दाखवण्यासाठी सेल्स टॅक्स कोण सोडणार? शिवाय हे सगळं स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे सगळ्यांना सरसकट मिळणारी ठरावीक वजावट, ओलांडलं तरच. २०२५ साठी दोघांचं मिळून ते ३१,५०० डॉलर आहे. घराचं कर्ज मोठं असेल तर ओलांडेल, भाड्याने राहत असाल तर विसरा. राज्यकरांची मर्यादा २०२५ पासून १०,००० वरून ४०,००० झाली आणि पाच लाखांपुढच्या उत्पन्नावर ती घटत जाते, पण वॉशिंग्टनकरांची अडचण ती नाहीच. कॅलिफोर्नियातल्या नोकरदाराला हा पेच पडत नाही. त्याचा राज्य आयकर आधीच मोठा असतो, एसडीआय त्यात मिळवायचा. ती रक्कम डब्ल्यू-२ च्या (मालकाकडून मिळणाऱ्या वर्षाच्या पगारपत्रकाच्या) बॉक्स १४ मध्ये दिसते आणि सॉफ्टवेअर ती आपोआप उचलतं, फक्त कोड बरोबर निवडला आहे ना ते बघा.

आता अपवाद, कारण ‘सहसा नको’ म्हटलंय, ‘कधीच नको’ नाही.

मॅसॅच्युसेट्सचा अपवाद मला सगळ्यांत रंजक वाटतो. तिथे एखाद्या कंपनीच्या एकूण मनुष्यबळात १०९९ वर (नोकरदार नव्हे, स्वतंत्र कंत्राटी म्हणून) काम करणारे निम्म्याहून जास्त असतील, तर त्या कंपनीला त्यांच्यासाठीही योजनेत पैसे भरावे लागतात आणि त्यांचा वाटा त्यांच्या मानधनातून कापता येतो. बॉस्टनकडच्या एखाद्या स्वतंत्र काम करणाऱ्याला महिन्याच्या पैशात थोडी तूट दिसते ती यामुळे. इथे नाव घालण्याचा निर्णय त्याचा नव्हता, कापून घेण्याचा अधिकार कायद्याने दिलेला आहे आणि रक्कम त्याच्या धंद्याच्या उत्पन्नातूनच गेली. ओळ २३ वरचा दावा इथे मला टिकाऊ वाटतो. फक्त हिशेब नीट ठेवायचा. १०९९ वर पूर्ण मानधन असेल तर उत्पन्न पूर्ण दाखवा आणि कापलेली रक्कम वेगळी खर्चात. बँकेत आलेला निव्वळ आकडा उत्पन्न म्हणून टाकला तर १०९९ शी मेळ बसत नाही आणि आयआरएसचं पत्र येतं. त्याच मॅसॅच्युसेट्समध्ये स्वतःहून नाव घातलेल्याला मात्र ताईंचंच उत्तर लागू.

दुसरा अपवाद, तुमच्याकडे माणसं कामाला असतील तर. त्यांच्यासाठी कायद्याने भरावा लागणारा मालकाचा वाटा ओळ २३ वर जातो आणि त्याला शेड्यूल ए ची मर्यादा लागत नाही. वॉशिंग्टनमध्ये ५० पेक्षा कमी कामगार असतील तर मालकाचा वाटा भरावाच लागत नाही, फक्त कामगारांचा कापून पाठवायचा. कापलेली रक्कम तुमचा वेगळा खर्च नाही, ती पगारातच मोजलेली आहे. दोनदा धरू नका. ही चूक दरवर्षी नव्याने भेटते.

तिसरा, एस-कॉर्पोरेशन. मालक स्वतः डब्ल्यू-२ घेतो आणि राज्याचा कायदा त्याला नोकरदार मानतो, तिथे कंपनीचा वाटा कंपनीच्या खर्चात आणि त्याचा वाटा शेड्यूल ए वर, सरळ रूलिंगप्रमाणे. पण केवळ रजेच्या प्रीमियमसाठी एस-कॉर्प काढायचा विचार कुणाच्या डोक्यात येत असेल तर तो तिथेच थांबवा. पेरोलचा खर्च प्रीमियमच्या दुप्पट-तिप्पट होईल.

बाकी राज्यांचं भराभर सांगतो. न्यूयॉर्कमध्ये स्वयंरोजगाराच्या माणसाला आपणहून यायचं असेल तर अपंगत्व आणि फॅमिली लीव्ह दोन्हींचं संरक्षण विमा कंपनीकडून घ्यावं लागतं. पैसा खासगी कंपनीकडे गेला की १९८१ च्या रूलिंगची सावली पडतेच, त्यामुळे तिथे कर म्हणून वजावटीचा दावा सगळ्यांत लंगडा. तिथे धंदा सुरू केल्यापासून २६ आठवड्यांत नाव घातलं नाही तर लाभासाठी दोन वर्षं थांबावं लागतं, हे मात्र लक्षात ठेवा. कॅलिफोर्नियात याला इलेक्टिव्ह कव्हरेज म्हणतात. नावातच ऐच्छिक आहे, आणि दर नोकरदाराच्या एसडीआयपेक्षा कितीतरी चढा, म्हणून वजावटीचा मोहही मोठा. उत्तर बदलत नाही. न्यू जर्सीत, जिथे आपली माणसं खूप आहेत, एकल मालकाला राज्याच्या योजनेत नाव घालायची सोयच नाही, त्यामुळे प्रश्नच नाही. मिनेसोटाची योजना १ जानेवारी २०२६ पासून सुरू झाली आहे आणि तिथेही स्वयंरोजगाराचा माणूस आपणहून येऊ शकतो.

ताई, तुमच्यासाठी कामाचं एवढं. हिशेबाच्या पुस्तकात हा प्रीमियम धंद्याच्या विम्यात किंवा करांत जाऊ देऊ नका, मालकाने धंद्यातून काढलेली रक्कम म्हणून नोंदवा. क्विकबुक्ससारखं हिशेबाचं सॉफ्टवेअर बँकेची नोंद पाहून आपल्या मनाने वर्गवारी सुचवतं आणि राज्याच्या खात्याचं नाव दिसलं की हमखास ‘टॅक्सेस’ म्हणतं. ती सूचना हाताने बदला. तिमाही पावत्या जपून ठेवा, कारण उद्या मेडिकल लीव्ह करमुक्त म्हणताना ‘वर्गणी माझीच होती आणि मी ती वजा केलेली नाही’ हे त्याच दाखवतील. राज्य पैसे देताना मेडिकल किती आणि फॅमिली किती हे कळवतं, ते पत्रही त्याच फायलीत.

२०२६ चा दर १.१३ टक्के झाला आहे आणि कामगाराचा वाटा ७१.४३ टक्के. त्याच ८०,००० वर सुमारे ६४६ डॉलर होतात. वजावट मिळणार नाही असं धरूनच ठरवा की तीन वर्षांनंतर योजनेत राहायचं का. बाळाचा विचार असेल किंवा आईवडिलांची दुखणी समोर दिसत असतील तर माझं मत राहा असंच आहे. २०२५ मध्ये आठवड्याची कमाल भरपाई १,५४२ डॉलर होती, आणि स्वतंत्र काम करणाऱ्याला त्या दरात तसं संरक्षण बाजारात मिळत नाही.

फॅमिली लीव्ह घेतलीत तर एक तारीख आताच लिहून ठेवा. त्या पैशातून केंद्राचा कर सहसा आपोआप कापला जात नाही, आणि फॉर्म १०९९ पुढच्या वर्षीच्या जानेवारीत हाती येतो तोवर पैसे खर्च झालेले असतात. एप्रिल-मेमध्ये पैसे मिळाले तर १५ जूनच्या अंदाजी हप्त्यात त्यांचा कर घाला, किंवा यजमानांना त्यांच्या डब्ल्यू-४ वर (पगारातून किती कर कापायचा ते मालकाला सांगणाऱ्या फॉर्मवर) दर पगाराला थोडी जास्त कपात लावायला सांगा. ही दुसरी वाट सोपी, कारण पगारातली कपात वर्षात कधीही झाली तरी ती वर्षभर सारखी झाली असं धरलं जातं.